वायद्याचा सौदा : त्याचें स्वरूप आणि १८६५ सालचा मुंबईंतील प्रसंग

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं राजकीय पत्रव्यवहाराबरोबर व्यापारी कागदहि येतात. सनद, महजर, निवाडा, वतनपत्र ह्यांचें मोल आपण सर्व जाणतों. परंतु सावकारी वह्या, दलालांचीं टिपणें व सौद्यांच्या चिठ्या ह्यांकडे पाहण्याची दृष्टि आपणांत अद्याप तयार झालेली नाहीं. त्यांतहि गेल्या शतकाच्या मागील शतकांत, म्हणजे १८६० ते १८७० ह्या दशकांत, मुंबईंत झालेल्या वायद्याच्या सौद्यांचे कागद तर रद्दीच्याच योग्यतेचे मानले जातात. ह्याचीं कारणें दोन. एक तर वायद्याचा व्यवहार कसा चालतो हें ठाऊक नसल्यामुळें तो कागद वाचकाशीं बोलत नाहीं. दुसरें असें कीं, वायदा म्हणजे जुगार अशी समजूत रूढ असल्यामुळें घरच्या मंडळींस तो कागद वडिलांच्या लौकिकास कमीपणा आणणारा वाटतो. पहिलें कारण दूर झालें म्हणजे दुसरेंहि पुष्कळ अंशीं दूर होईल, अशा समजुतीनें हा विषय येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. शब्दाचा अर्थ

'वायदा' हा शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारें मराठींत आला. त्याचा पहिला अर्थ वचन, व त्यावरून वचन पुरें करण्याची ठरलेली मुदत. जुन्या मराठी लेखांत कर्जाच्या फेडीची किंवा ऐवज पोंचविण्याची मुदत ह्या अर्थीं हा शब्द येतो. म्हणून कागदांत 'वायदा' दिसतांच तेथें सौदा झाला असें समजूं नये.

व्यापाऱ्यांच्या भाषेंत वायद्याचा सौदा म्हणजे आज भाव ठरवून पुढील एका ठराविक दिवशीं माल देण्याघेण्याचा करार. आज माल हलत नाहीं व पैसाहि हलत नाहीं. आज ठरतो तो केवळ भाव. ह्याच्या उलट जो माल तेथल्या तेथें मोजून दिला जातो व ज्याचा पैसा रिवाजाप्रमाणें लगेच चुकता होतो, तो हाजर माल.

वायद्याशीं ज्यांचा घोंटाळा होतो असे दुसरे दोन व्यवहार येथेंच वेगळे करून ठेवूं. मुदती हुंडींतहि पुढील दिवस नेमलेला असतो; पण ती पैसा देण्याची आज्ञा होय, तींत मालाचा भाव नसतो. तसेंच उभ्या पिकावर शेतकऱ्यास आगाऊ पैसे देऊन पुढें माल घेणें हा बव्हंशीं कर्जाचा व्यवहार होय. त्यांत एका पक्षानें आपलें देणें आधींच दिलेलें असतें. वायद्यांत दोन्ही पक्षांचें देणें पुढेंच असतें, हा त्याचा व्यवच्छेदक धर्म.

बाजारांत तेजी व मंदी हे शब्द भावाच्या चढउताराप्रमाणेंच एका निराळ्या सौद्यासहि लावतात. नजराणा देऊन, ठरलेल्या भावानें माल घेण्याचा हक्क विकत घेणें ती तेजी, आणि ठरलेल्या भावानें माल देण्याचा हक्क विकत घेणें ती मंदी. हक्क घेणारा मनास आलें तर तो बजावतो, नाहीं तर नजराण्यावर पाणी सोडतो. वायदा दोघांसहि बांधतो. तेजीमंदी एकासच बांधते.

२. व्यवहार कसा चालतो

शास्त्रकारांच्या रीतीस अनुसरून देवदत्त व यज्ञदत्त ह्यांस उदाहरणास घेऊं. देवदत्त हा खानदेशांत कापूस जमविणारा. यज्ञदत्त हा मुंबईंतून कापूस परदेशीं पाठविणारा. भाद्रपदांत देवदत्तास भीति अशी कीं, पौषांत माल मुंबईस पोंचेपर्यंत भाव उतरेल. यज्ञदत्तानें विलायतेच्या गिऱ्हाइकास ठरलेल्या किंमतीनें माल देण्याचें कबूल केलेलें असल्यामुळें त्यास भीति उलट, कीं भाव चढेल. दोघे दलालामार्फत एकत्र येतात व पन्नास खंडी कापूस, खंडीस २०८ रुपये, पौषांतील अमुक तिथीस मुंबईंत द्यावा, असा करार करतात. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, हें संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें. कारण धान्याची व इतर मालाची खंडी स्थळपरत्वें निराळी आहे.

आतां पौषांत हाजर भाव १६८ रुपये झाला असें समजूं. बाजारांत त्या मालाची किंमत ८,४०० रुपये. परंतु देवदत्तास यज्ञदत्ताकडून १०,४०० रुपये मिळतात. उलट भाव २४८ रुपये झाला, तर १२,४०० रुपयांचा माल देवदत्तास १०,४०० रुपयांस द्यावा लागतो. पहिल्या पक्षीं देवदत्तास २,००० रुपयांचा लाभ व यज्ञदत्तास तितकीच हानि. दुसऱ्या पक्षीं त्याच्या उलट. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा, ह्यावरून हा जुगार असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु देवदत्ताजवळ कापूस खरोखर आहे व यज्ञदत्तास तो खरोखर पाहिजे आहे. भाव कसाहि होवो, एकाची विक्री व दुसऱ्याची खरेदी १०,४०० रुपयांवर स्थिर झाली. दोघांनींहि होऊं शकणारा जादा लाभ सोडून त्याच्या मोबदल्यांत निश्चिंतता घेतली. जुगारी मनुष्य नसलेला धोका उत्पन्न करतो. हे दोघे असलेला धोका टाळतात. दोहोंतील भेद हा एवढा आहे.

पुष्कळदां मुदतीच्या दिवशीं माल न देतां केवळ फरक चुकता करतात. वरील पहिल्या पक्षीं यज्ञदत्तानें देवदत्तास २,००० रुपये दिले व देवदत्तानें आपला कापूस बाजारांत ८,४०० रुपयांस विकला, तरी त्याच्या हातीं १०,४०० रुपयेच येतात. म्हणून कागदावर फरकाची रकम दिसली कीं व्यवहार खोटा, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होय.

३. वायद्याचा भाव कसा ठरतो

२०८ रुपये हा भाव कोठून आला? पुढें भाव काय होईल ह्या भविष्यावरून तो काढला, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धवटच खरी आहे. भाद्रपदांत हाजर भाव २०० रुपये आहे असें धरूं. आज एक खंडी घेऊन चार महिने वखारींत ठेवावयाची, तर त्या २०० रुपयांचें दर सालीं दर शेंकडा ९ प्रमाणें व्याज ६ रुपये होतें. वखारभाडें व विमा मिळून २ रुपये धरावे. म्हणजे पौषापर्यंत माल संभाळून ठेवणाऱ्यास तो २०८ रुपयांस पडतो. वायद्याचा भाव २१५ झाला, तर चतुर व्यापारी हाजर माल घेईल, वखारींत ठेवील व वायद्यानें विकील; खंडीमागें ७ रुपये त्यास बिनधोक सुटतील. असें करणारे वाढले म्हणजे हाजर चढतो, वायदा उतरतो व दोहोंतील अंतर पुन्हा ८ रुपयांच्या सुमारास येतें.

ह्या नियमास एक अपवाद आहे. हंगामाच्या शेवटीं वखारी रिकाम्या असतात व नवें पीक यावयाचें असतें, तेव्हां हाजर माल महाग व वायदा स्वस्त असें दिसतें. अशा वेळीं वायदा विकत घेऊन हाजर माल विकण्यास कोणाजवळ माल शिल्लकच नसतो. त्यामुळें तें अंतर भरून येत नाहीं. जुन्या वहींत असे भाव सांपडले तर लेखकाची चूक समजूं नये. त्या वर्षीं मालाची टंचाई होती असा तो पुरावा होय.

पैशाच्या वायद्यासहि हेंच गणित लागतें. आज एक डॉलर ८० रुपयांस मिळतो, भारतांत वर्षाचें व्याज शेंकडा ६ व अमेरिकेंत शेंकडा ४ आहे असें उदाहरणार्थ धरल्यास, एक वर्षाच्या वायद्याचा डॉलर ८१ रुपये ५४ पैशांच्या सुमारास पडतो. ८० रुपये येथें ठेवले तर वर्षानें ८४ रुपये ८० पैसे होतात, व एक डॉलर तेथें ठेवला तर एक डॉलर चार सेंट होतो. दोहोंचा भागाकार हाच वायद्याचा भाव. पेढीच्या दप्तरांतील हा भाव म्हणजे भविष्यकथन नव्हे, दोन देशांतील व्याजांचा तो हिशेब आहे.

४. धर्मशास्त्रांतील तत्सम विचार

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा परिचय स्मृतिग्रंथांशीं असल्यामुळें येथें त्यांचा विचार करणें अवश्य आहे. अठरा विवादपदांत 'विक्रीयासंप्रदान', म्हणजे विकून माल न देणें, हें एक पद नारदानें सांगितलें आहे. मूल्य घेऊन माल न देणाऱ्या विक्रेत्यानें, मध्यंतरीं भाव उतरला असल्यास, मालाबरोबर तो फरकहि द्यावा. आणि घेणारा देशोदेशीं फिरणारा व्यापारी असल्यास त्यास परदेशीं जो लाभ झाला असता तो द्यावा, असा त्याचा नियम आहे. याज्ञवल्क्याचेंहि मत ह्याच धोरणाचें असून, घेणाऱ्यानें मागितला असतांहि न दिलेला माल राजामुळें अथवा दैवामुळें बिघडला तर ती हानि विकणाऱ्याचीच, असें तो सांगतो. कौटिल्यानें अनुशयाची, म्हणजे पश्चात्तापानें सौदा परत फिरविण्याची, मुदत व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन व गुराख्यांस पांच रात्री अशी घालून दिली आहे. ज्याचा धंदाच देण्याघेण्याचा, त्यास विचार करण्यास सर्वांत थोडा वेळ, हें त्यांतील मर्म आहे.

सौदा पक्का करण्यासाठीं जें कांहीं हातीं द्यावयाचें त्यास याज्ञवल्क्यस्मृतींत 'सत्यंकार' म्हटलें आहे. मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें त्याचें उदाहरण आंगठीचें दिलें आहे. आंगठी देणाऱ्यानेंच सौदा मोडला तर ती गेली. घेणाऱ्यानें मोडला तर त्यानें दुप्पट द्यावें. आपला 'विसार' तो हाच. आणि जुन्या मराठींतील 'संचकार' हा शब्दहि ह्या सत्यंकाराचाच अपभ्रंश होय.

मात्र ह्यावरून आमच्या पूर्वजांस आजचा वायदा जसाच्या तसा ठाऊक होता, असें विधान करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. नारदाच्या नियमांत मूल्य आधीं दिलेलें आहे. वायद्यांत तें दिलेलें नसतें. शास्त्रकारांनीं ओळखलें तें मूलतत्त्व एवढेंच कीं, करार व मालाची पोंच ह्यांच्या मध्यें काळ गेला म्हणजे भाव बदलतो, आणि त्या बदलाचा भार कोणीं सोसावा हें आधींच ठरलें पाहिजे. त्याचबरोबर वचनामागें कांहीं तरी हातचें तारण असावें, हेंहि त्यांनीं जाणलें. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होतें, तें मुंबईनें १८६५ सालीं पाहिलें. तत्पूर्वीं मुंबईच्याच एका खटल्याकडे वळणें इष्ट आहे. कारण सौदा व पैज ह्यांमधील सीमारेषा त्यांत स्पष्ट दिसते.

५. अफूचा खटला

कलकत्त्यास सरकार अफूचा लिलाव करीत असे. पुढील लिलावांत पाटण्याच्या अफूस सरासरी काय भाव येईल, ह्यावर मुंबईचे व्यापारी आपसांत करार करीत. अफूची एक पेटीहि कोणीं कोणास द्यावयाची नसे. ठरलेला आंकडा व लिलावाचा आंकडा ह्यांतील फरक तेवढा द्यावयाचा. असा एक व्यवहार रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजानमल धोंडमल ह्या नांवाच्या खटल्यानें प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १८४८ सालीं निकाल झाला तो असा कीं, ही पैज आहे खरी, परंतु इंग्लंडांतील १८४५ चा पैजेविरुद्धचा कायदा हिंदुस्थानास लागू नसल्यामुळें येथें दावा चालेल. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें १८४८ चा २१ वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरविले. पुढें मुंबई इलाख्यांत १८६५ च्या तिसऱ्या कायद्यानें पैजेस साहाय्यभूत अशा दलालीच्या व तत्सम करारांचेंहि न्यायालयीन बळ काढून घेतलें, आणि १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील तिसाव्या कलमांत मूळ नियम कायम झाला.

तथापि कायद्यानें वायदा रद्द केला नाहीं, पैज रद्द केली. न्यायालयांनीं कसोटी लावली ती ही : करार करतेवेळीं माल द्यावयाचा नाहीं व घ्यावयाचाहि नाहीं, असा दोन्ही पक्षांचा समाईक हेतु होता काय? एकट्याच्या मनांत तसें असून भागत नाहीं. १९५९ सालीं घेरुलाल पारेख ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असेंहि स्पष्ट केलें कीं, पैजेचा करार निरर्थक असला तरी तो गुन्हा नव्हे. वडिलांच्या वहींत वायद्याचें खातें सांपडलें म्हणून खालीं मान घालण्याचें कारण नाहीं, ह्यास हा आधार पुरेसा आहे.

६. १ जुलै १८६५

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं व लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. तो पुरविण्याचें काम मुंबईकडे आलें. विलायतेंत हिंदी कापसाचा भाव तीन वर्षांत चौपटीच्या घरांत गेला. नेहमींच्या उत्पन्नापेक्षां सात ते आठ कोटी पौंड जास्त मुंबईंत आले, अशी त्या काळच्या घडामोडींवर लिहिणाऱ्यांची गणना आहे. एवढा पैसा कापसांत मावेना. तो नव्या बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या ह्यांच्या भागांकडे वळला. बॅक बे कंपनीच्या ज्या भागावर ५,००० रुपये भरलेले होते, तो बाजारांत ५०,००० रुपयांच्या सुमारास गेला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला. ह्या घडामोडींत प्रेमचंद रायचंद ह्यांचें नांव सर्वांत पुढें होतें.

येथपर्यंत हा केवळ भावाचा चढ होता. त्यास स्फोटक रूप दिलें तें वायद्यानें. इंग्रज ज्यांस टाइम बार्गेन म्हणत असे भागांचे वायदे पसरले व त्यांतील फार मोठ्या संख्येची मुदत १ जुलै १८६५ ही होती. ह्या सौद्यांस पैसा लागत नसे. शब्द पुरे होता. सत्यंकाराची आंगठी कोणीं काढून द्यावयाची नव्हती.

ही रचना कशी कोसळते तें पाहण्यासाठीं चार काल्पनिक असामी घेऊं. देवदत्तानें एक भाग १ जुलैच्या वायद्यानें यज्ञदत्तास २०,००० रुपयांस विकला. यज्ञदत्तानें तोच वायदा विष्णुमित्रास ३०,००० रुपयांस दिला, विष्णुमित्रानें चैत्रास ४०,००० रुपयांस. यज्ञदत्त व विष्णुमित्र दोघेहि आपणांस दहा दहा हजारांचा नफा झाला असें वहींत मांडून बसले व त्या भरंवशावर नवे सौदे करूं लागले. मुदतीपूर्वींच भाव २,००० रुपयांवर आला. चैत्रानें ४०,००० रुपये द्यावयाचे, आणि हातीं येणार २,००० रुपयांचा कागद. चैत्राजवळ पैसे नाहींत; त्यानें दिवाळें काढलें. आतां विष्णुमित्राच्या पदरीं दहा हजारांच्या नफ्याऐवजीं अठ्ठावीस हजारांचा तोटा आला. कारण यज्ञदत्ताचें ३०,००० रुपयांचें देणें कांहीं सुटलें नाहीं. तोहि बुडाला म्हणजे यज्ञदत्ताचा तोटा अठरा हजार. यज्ञदत्त बुडाला म्हणजे ज्यानें भाग खरोखर बाळगला व वेळेवर विकला, तो देवदत्तहि २,००० रुपयांचा कागद घेऊन बसला. एका टोंकाच्या मनुष्याची कुवत नसल्यानें सर्व सांखळी तुटते, आणि त्यांत शहाणा व वेडा असा भेद राहत नाहीं.

घडलें तें असेंच. एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण आला, अमेरिकेचा कापूस पुन्हा मोकळा होणार हें दिसूं लागलें, कापसाचा भाव कोसळला व त्यामागोमाग भागांचा. १ जुलै उजाडला तेव्हां देणें सर्वांसच होतें व देण्यास कोणाजवळच पुरेसें नव्हतें. बॅक बेचा भाग पुढें दोन हजारांच्याहि खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा भाग ८७ रुपयांवर आला. ही बँक १८४० सालीं स्थापन झालेली व सरकारच्या भागीदारीची. परंतु तिनें अशा भागांच्याच तारणावर कर्जें दिलेलीं असल्यामुळें १८६८ सालीं ती मोडावी लागली. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली कीं, त्यांचा निकाल लावण्यासाठीं १८६५ चा २८ वा कायदा स्वतंत्र करावा लागला.

ह्या प्रसंगावर दिनशा एदलजी वाच्छा ह्यांनीं १९१० सालीं इंग्रजींत एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. मराठी वाचक ह्या काळासाठीं साहजिकच गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या ग्रंथाकडे वळेल; परंतु तो १८६३ सालचा, म्हणजे भरतीचा आहे, ओहोटीचा नाहीं. ओहोटीची हकीकत मराठी घरांच्या बाजूनें लिहावयाची झाल्यास ती वह्यांतून व चिठ्यांतूनच काढली पाहिजे.

७. पुढील व्यवस्था

ह्या अनर्थापासून बाजारानें जो धडा घेतला तो वायदा सोडण्याचा नव्हे, त्यास तारण जोडण्याचा. १८७५ सालीं बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन निघाली व त्याच वर्षीं भागांच्या दलालांनीं आपली संस्था स्थापन केली. १९२१ सालीं कापसाच्या बाजारासाठीं ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन झाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं वायदे करारांच्या नियमनाचा कायदा झाला, १९५३ सालीं मुंबईंत फॉरवर्ड मार्केट्स कमिशन बसलें, आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजीं तें सेबी ह्या संस्थेंत विलीन झालें. भागांच्या बाजारांत मुदत पुढें ढकलण्याची 'बदला' नांवाची जी पद्धति होती, ती जुलै २००१ मध्यें बंद करण्यांत आली.

सुधारलेल्या वायद्यांत तीन गोष्टी असतात. मालाची प्रत, वजन व मुदत हीं सर्वांस एकच. दोन्ही पक्षांकडून आधीं अनामत. आणि रोजच्या भावानें रोजचा फरक चुकता. शिवाय देवदत्त व यज्ञदत्त ह्यांच्या मध्यें बाजाराची हिशेब-संस्था उभी राहून ती प्रत्येक विकणाऱ्याची घेणारी व प्रत्येक घेणाऱ्याची विकणारी बनते. चैत्र बुडाला तरी सांखळी तेथेंच थांबते. ह्या रूपास इंग्रजींत फ्युचर्स म्हणतात, व दोन असामींमधील खाजगी करारास फॉरवर्ड. मराठींत दोहोंसहि वायदा हा एकच शब्द असल्यामुळें वाचतांना कोणता प्रकार अभिप्रेत आहे तें संदर्भावरून ठरवावें. १८६५ चे सर्व वायदे खाजगी होत.

८. संग्राहकांस सूचना

वायद्याची चिठी ओळखण्यास पुढील खुणा पुरतील : मालाचें किंवा कंपनीचें नांव, परिमाण, भाव, मुदतीची मिति, व दोन पक्ष अथवा त्यांचा दलाल. भाव आहे पण पैसे पोंचल्याची नोंद नाहीं, व लिहिल्याची मिति आणि देण्याची मिति ह्यांत अंतर आहे, असें दिसल्यास तो बहुधा वायदा समजावा. विसाराची नोंद आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें; तिच्या असण्यानसण्यावरून करणाऱ्याची सावधगिरी कळते. एकाच मितीच्या अनेक चिठ्या एकत्र सांपडल्यास त्या वेगळ्या करूं नयेत, कारण त्यांतून सांखळी जुळवितां येते.

मितींच्या बाबतींत विशेष जपलें पाहिजे. १ जुलै १८६५, शनिवार, हा दिवस शके १७८७ च्या आषाढ शुद्ध पक्षांत येतो. गुजराती वहींत कार्तिकादि गणनेनें तो संवत् १९२१ मध्यें पडेल, तर उत्तरेकडील चैत्रादि गणनेनें संवत् १९२२ मध्यें. शिवाय उत्तरेकडील पूर्णिमान्त रीतींत कृष्ण पक्षाचा महिना आपल्याहून एकानें पुढें असतो. दोन वह्यांतील एकच सौदा एका वर्षाच्या अंतरानें निराळा मानला जाण्याचा संभव ह्यामुळें आहे.

ज्यांच्या संग्रहीं मुंबईशीं संबंध असलेल्या घरांच्या १८६३ ते १८६८ मधील वह्या असतील, त्यांनीं आषाढ शके १७८७ चीं पानें प्रथम उघडून पाहावीं, आणि त्यांवरील नांवें, रकमा व मिती ह्यांची यादी करून मंडळाकडे पाठवावी. कोणत्या गांवचा पैसा त्या दिवशीं कोणत्या वचनांत अडकला, हें कोणत्याहि सरकारी अहवालापेक्षां त्या पानांवरून अधिक स्पष्ट होईल. वाळवी व रद्दीवाला ह्यांचा वायदा मात्र कोणासहि पुढें ढकलतां येत नाहीं. म्हणून हें काम ह्याच वर्षीं हातीं घ्यावें, अशी आमची सर्व संग्राहकांस आग्रहाची विनंती आहे.